‘व्हिडिओ काढून टाकला ना ताई’ : तालुक्यातल्या पोर्टलवाल्या पत्रकारांना खुलं पत्र

प्रति,
तालुक्या-तालुक्यांत न्यूज पोर्टल आणि यूट्यूब वाहिन्या चालवणारे पत्रकार बंधू-भगिनी,

सप्रेम नमस्कार.

मी वकील नाही आणि पत्रकारही नाही. एकतीस वर्षं तालुक्याच्या कोर्टांत लिपिक म्हणून नोकरी केली आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. अब्रुनुकसानीच्या कितीतरी फायली माझ्या टेबलावर आल्या, त्यांचे रोजनामे मी पाहिले, त्यातल्या लोकांना व्हरांड्यातल्या बाकावर तारखेमागून तारीख बसलेलं पाहिलं. कायद्याची कलमं मला पाठ होती. बदनामी घरात शिरली की माणूस कसा होतो, हे मात्र मला गेल्या जुलैत कळलं.

माझा थोरला भाऊ जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक आहे. शेजारच्या वस्तीवरच्या शाळेत पोषण आहाराचा तांदूळ संपला होता आणि नवा माल यायला अजून आठवडा होता. तिथल्या बाईंनी फोन केला, तेव्हा दादानं दोन कट्टे उसनवारीनं दिले. शाळांमध्ये हे नेहमीचं आहे. साठा नोंदवहीत नोंद होते, समोरच्या शाळेची पोच घेतली जाते, माल आला की तेवढाच तांदूळ परत येतो. ते कट्टे टेम्पोत चढवत असताना रस्त्यावरून कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण केलं. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला एका पोर्टलवर व्हिडिओ आला. मथळा असा: ‘लेकरांच्या तोंडचा घास पळवला! मुख्याध्यापकानेच विकला तांदूळ?’ खाली दादाचा फोटो. आदल्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाच्या फोटोतून कापून घेतलेला, झेंड्याला सलामी देतानाचा.

दादाचा मोबाइल नंबर शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेला आहे. त्या नंबरवर एक फोन आला असता तर व्हिडिओ झालाच नसता.

दोन दिवसांनी चौकशी लागली. केंद्रप्रमुख आणि पोषण आहाराचे अधीक्षक आले, शिल्लक तांदूळ वजन करून घेतला, नोंदवही ताडून पाहिली, वस्तीवरच्या शाळेत जाऊन पोच पाहिली, तिथल्या स्वयंपाकी ताईंचा जबाब घेतला. नवव्या दिवशी अहवाल आला: साठ्यात तफावत नाही, गैरव्यवहार आढळून आला नाही. त्या अहवालाची प्रत घेऊन मी पोर्टल चालवणाऱ्या तरुणाकडे गेले. मुलगा वाईट नव्हता. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, अहवाल पूर्ण वाचला आणि माझ्यासमोरच मोबाइल काढून ती चित्रफीत काढून टाकली. म्हणाला, ‘व्हिडिओ काढून टाकला ना ताई. विषय संपला.’

त्याच्या दृष्टीनं तो खरंच संपला होता. त्याच्या त्या एका वाक्यामुळेच मी हे पत्र लिहायला बसले.

तोवर तो व्हिडिओ गावच्या, भावकीच्या, दहावीच्या बॅचच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर फिरून आला होता. अहवाल कोणत्याच ग्रुपवर फिरला नाही. शाळेत शिजलेल्या आहाराची चव मुलांच्या आधी शिक्षकांनी घ्यायची असते, तशी वहीत नोंद करायची असते. दादा हे काम वर्षानुवर्षं स्वतः करत आला. आता तो पळी दुसऱ्या गुरुजींच्या हातात देतो, कारण खिचडी खाताना कोणी चित्रीकरण केलं तर त्याचं काय होईल, हे त्याला कळून चुकलं आहे. चौथीतल्या एका मुलानं त्याला अगदी निरागसपणे विचारलं, ‘सर, आज तांदूळ आहे का?’ त्या दिवशी तो जेवला नाही.

आता कायद्याचं बोलते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना त्याची भीती माहीत आहे, पण तो नेमकं काय म्हणतो हे सांगणारं तुम्हाला कोणी भेटलेलं नसतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या ४९९ आणि ५०० कलमांतली अब्रुनुकसानी आता ३५६व्या कलमात आहे. गाभा तोच. बोलून, लिहून, खुणेनं किंवा चित्र दाखवून एखाद्याविषयी असं काही प्रसिद्ध करणं, ज्यानं त्याच्या लौकिकाला धक्का बसेल असा हेतू आहे, किंवा तशी जाणीव आहे, किंवा तसं मानायला कारण आहे. शेवटचा तुकडा नीट पाहा. हेतू असलाच पाहिजे असं नाही. झेंड्याला सलामी देणाऱ्या माणसाच्या फोटोवर ‘तांदूळ विकला’ लिहिल्यानं त्याचा लौकिक बुडेल, हे मानायला कोणालाही कारण आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेच्या शिक्षेचीही सोय झाली आहे.

मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की सुटलो, असा समज तुमच्या क्षेत्रात पक्का दिसतो. ‘कथित’ शब्दाचाही तसाच. कायद्याच्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे की पर्यायी स्वरूपात किंवा उपरोधानं केलेलं विधानही अब्रुनुकसानीचं ठरू शकतं. कोर्ट वाचणाऱ्याच्या मनात काय उमटलं ते पाहतं. प्रश्नचिन्ह पाहून गावात कोणीही थांबलं नव्हतं.

याच कलमात दहा अपवाद आहेत. मी नोकरीत असताना नव्या वकिलांना हे दहा अपवाद पाठ करताना पाहायचे आणि मनात यायचं, हे पत्रकारांनी पाठ करायला हवेत. सार्वजनिक हिताची खरी गोष्ट सांगणं गुन्हा नाही. सरकारी नोकरानं आपल्या कामात जे केलं, त्यावर सद्भावनेनं मत देणं गुन्हा नाही. सार्वजनिक प्रश्नातल्या कोणाच्याही वागण्यावर बोलणं, कोर्टातल्या कामकाजाचा खराखुरा वृत्तांत देणं, अधिकाऱ्याकडे रीतसर तक्रार करणं, लोकांना सावध करणं, या सगळ्याला जागा आहे. ग्रामसेवकानं काय केलं, सरपंचानं रस्त्याच्या कामात काय केलं, मुख्याध्यापकानं पोषण आहारात काय केलं, हे विचारायचा तुमचा हक्क या अपवादांनी राखून ठेवला आहे. दादाच्या शाळेतला तांदूळ कुठे चालला आहे असं त्या तरुणानं विचारलं असतं, तर मी त्याचं कौतुक केलं असतं. पोषण आहारात चोऱ्या होतात आणि त्या बाहेर काढणारं कोणीतरी हवं.

एक बारकावा मात्र आहे. दिवाणी दाव्यात विधान खरं असेल तर तेवढा बचाव पुरतो. फौजदारीत खरेपणाबरोबर ते सांगणं लोकहिताचं होतं, हेही दाखवावं लागतं. एखाद्या बाईच्या नवऱ्याशी झालेल्या भांडणाचा व्हिडिओ खरा असला म्हणून तो दाखवायला मोकळीक मिळत नाही.

आणि त्या अपवादांपैकी बहुतेकांना एकच कुलूप आहे: सद्भाव. मराठीत हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, मनात वाईट नव्हतं म्हणजे झालं. कायद्यातला सद्भाव तसा नाही. योग्य ती दक्षता आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावपूर्वक केली असं म्हणता येत नाही, अशी त्याची व्याख्या आहे. मन कितीही स्वच्छ असो, तुम्ही फोन केला होता का? नोंदवही पाहिली होती का? समोरच्याचं म्हणणं घेतलं होतं का? उलटतपासात वकील हेच विचारतो. ‘आम्हाला व्हिडिओ एका जागरूक नागरिकानं पाठवला’ या उत्तरानं तिथे काही भागत नाही, हे मी अनेकदा ऐकलं आहे.

मराठी पत्रकारितेला हा धडा एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच मिळाला आहे. १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. त्यानंतर वर्षाच्या आतच कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा, चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतो आहे, असं लिहून दोन्ही पत्रांनी तिथले कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली. आधाराला बर्व्यांची म्हणून काही पत्रं होती. ती ज्यांच्याकडून आली त्यांच्यावर टिळक-आगरकरांनी विश्वास ठेवला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी खटला चाललाच. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. एकशे एक दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. २६ ऑक्टोबरला सुटले. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस त्या कोठडीत गेला.

शाळेत आपण या गोष्टीतला तुरुंग शिकलो, बनावट पत्रं शिकलो नाही. मला त्यात दुसरंच दिसतं. महाराजांच्या हालाची त्यांची कळकळ खरी होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, पहाऱ्यावरच्या गोऱ्या सैनिकाशी झटापट होऊन महाराज अहमदनगरला वारले. तक्रारीत तथ्य होतं, लिहिणारे टिळक आणि आगरकर होते, लोक त्यांच्या पाठीशी होते. जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून जामिनाला माणूस उभा राहिला, सुटकेच्या दिवशी गर्दी लोटली. एवढं सगळं असूनही न तपासलेल्या कागदानं त्यांना तुरुंगात नेलं. आणि चूक कळल्यावर त्यांनी ती छापून मान्य केली. ही दुसरी गोष्ट पहिल्याइतकीच तुमच्या वारशात आहे, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

अलीकडचं उदाहरण पुण्याचं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाले होते, भारतीय प्रेस परिषदेचे अध्यक्ष राहिले होते. १० सप्टेंबर २००८ रोजी ‘टाइम्स नाऊ’नं भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याची बातमी देताना नावात साम्य असलेल्या दुसऱ्याच एका न्यायमूर्तींच्या जागी सावंतांचं छायाचित्र दाखवलं. किती वेळ? सुमारे पंधरा सेकंद. चूक लक्षात आणून दिल्यावर चित्र थांबलं. पण दिलगिरी तेव्हा आली नाही, सावंतांचं पत्र गेल्यावर ती नंतर पट्टीवर फिरली. त्यांनी पुण्याच्या कोर्टात दावा लावला आणि २०११ मध्ये कोर्टानं १०० कोटी रुपये भरपाईचा हुकूमनामा दिला. अपिलासाठी उच्च न्यायालयानं वाहिनीला २० कोटी भरायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. आकडा योग्य होता की अवाजवी यावर तेव्हा बरीच चर्चा झाली, आणि इतक्या मोठ्या रकमा पत्रकारितेला धोक्याच्या आहेत असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो. माझं लक्ष मात्र मधल्या दिवसांवर आहे. चित्र थांबलं आणि चूक कबूल झाली, या दोहोंमध्ये गेलेल्या दिवसांवर. ‘व्हिडिओ काढून टाकला ना ताई’ हे वाक्य त्याच मधल्या दिवसांतलं आहे.

काढून टाकल्यानं चूक करणाऱ्याचा पुरावा जातो. ज्यानं ती पाहिली त्याच्या मनातलं काहीच जात नाही. उलट लोक म्हणतात, ‘काहीतरी सेटिंग झालं असेल, म्हणून व्हिडिओ उडवला.’ आमच्या गावात हेच बोललं गेलं. तोवर दादा फक्त चोर होता. व्हिडिओ गेल्यावर पैसे चारून गप्प करणारा चोर झाला.

तुम्ही म्हणाल, मग त्यानं कोर्टात जावं. हे पत्र ज्यांची बदनामी झाली आहे असंही कोणी वाचत असेल, म्हणून कोर्टाची वाट कशी आहे ते सांगते. पोलीस ठाण्यात गेलात तर अब्रुनुकसानी अदखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही. तुम्हाला एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद देऊन कोर्टात जा म्हणतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. फौजदारी वाट म्हणजे दंडाधिकाऱ्यांपुढे खाजगी फिर्याद. ती बदनामी झालेल्या माणसानंच करायची असते, तीन वर्षांच्या आत. शपथेवर जबाब होतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखल घेण्याआधी समोरच्यालाही म्हणणं मांडायची संधी मिळते. मग समन्स, जामीन, साक्षी, उलटतपास. दिवाणी वाट म्हणजे भरपाईचा दावा. त्याची मुदत एकच वर्ष. किती लोक सव्वा वर्षानं, दीड वर्षानं वकिलाकडे आलेले मी पाहिले, ‘आधी वाटलं, विसरतील लोक’ असं म्हणत. मुदत विसरत नाही.

पुरावा पहिल्याच दिवशी धरा. पूर्ण पडद्याचं रेकॉर्डिंग, वाहिनीचं नाव, दुवा, तारीख, वेळ, किती जणांनी पाहिलं तो आकडा, खालच्या प्रतिक्रिया. ज्या फोनवर हे घेतलं तो फोन विकू नका. असा पुरावा दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमाखालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून आधीच समजून घ्या. आणि एक कळकळीनं सांगते: ‘बघा माझी कशी बदनामी केली’ म्हणून तो व्हिडिओ नातेवाइकांना पाठवू नका. पाठवलेला प्रत्येक संदेश ही नवी प्रसिद्धी असते. तुमच्या बदनामीला तुम्हीच नवे प्रेक्षक मिळवून देता.

हीच गोष्ट ग्रुपवर पुढे ढकलणाऱ्यांना लागू आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव नाही. दुसऱ्याची बदनामी पुन्हा सांगणाराही ती प्रसिद्ध करतोच. ग्रुपच्या अॅडमिनला मात्र, दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरात त्याचा सामायिक हेतू नसेल तर, केवळ अॅडमिन म्हणून गुन्हेगार धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे.

या सगळ्या वाटेच्या शेवटी काय मिळतं? एकतीस वर्षांत मी जे पाहिलं ते सांगते. पाच लाख, पन्नास लाख, एक कोटी असे आकडे लिहून आलेले बहुतेक दावे आणि फिर्यादी शेवटी एका कागदावर मिटत. तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन. ‘माझ्याकडून गैरसमजातून प्रसिद्धी झाली, मी बिनशर्त दिलगिरी व्यक्त करतो.’ दोघांच्या सह्या, वकिलांच्या सह्या, आणि प्रकरण निकाली. फिर्यादी तो कागद हातात घेऊन रडताना मी पाहिला आहे. वर्षानुवर्षं तो त्या दोन ओळींसाठीच येत होता. मग ती फाइल मी बांधायची, क्रमांक टाकायची आणि रेकॉर्ड रूमला पाठवायची. बदनामी गावभर झालेली आणि माफी माझ्या कपाटात. इतक्या माफ्या मी स्वतःच्या हातांनी कपाटात बंद केल्या आहेत, याचं मला आज वाईट वाटतं.

म्हणून माझं मत असं झालं आहे की गेलेली अब्रू कोर्टाकडून पूर्ण परत मिळत नाही. ज्या पडद्यावरून ती गेली त्या पडद्यावरूनच ती परत येऊ शकते, आणि तो पडदा तुमच्या हातात आहे.

याच अनुभवामुळे मी बदनामीबद्दल तुरुंगाच्या बाजूची नाही, हेही स्पष्ट सांगते. हे कलम इंग्रजांनी १८६० मध्ये दिलं. त्यांच्या स्वतःच्या देशात फौजदारी बदनामी २०१० मध्ये बंद झाली. श्रीलंकेनं २००२ मध्येच काढली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात ते कलम कायम ठेवलं. प्रतिष्ठा हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कारण दिलं. विधी आयोगानंही २०२४ च्या अहवालात ते असू द्यावं असंच म्हटलं. प्रतिष्ठेबद्दल न्यायालयानं जे म्हटलं त्याचा शब्द न् शब्द मला पटतो. दादाकडे पाहिल्यावर तर जास्तच. पण ती राखायला कैदेची गरज आहे, हे पटत नाही. खटले किती लांबतात पाहा: मेधा पाटकर यांच्यावर २००१ मध्ये दाखल झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्याचा पहिल्या कोर्टातला निकाल मे २०२४ मध्ये लागला. या लांबीचा उपयोग गरीब फिर्यादीला होत नाही, ताकदवान माणसाला होतो. त्याला जिंकायचं नसतंच. तुम्हाला दर महिन्याला कोर्टाच्या दारात उभं करायचं असतं.

तुमच्यापैकी ज्यांना वाळूवाल्याची, संस्थाचालकाची, ठेकेदाराची पाच कोटींची नोटीस आली आहे, त्यांना माझं सांगणं वेगळं आहे. घाबरून व्हिडिओ काढू नका. नोटीस म्हणजे निकाल नाही. तुमच्याकडे माहिती अधिकारातला कागद असेल, समोरच्याचं म्हणणं घेतल्याची नोंद असेल, तर कायदा तुमच्या बाजूला झुकतो. सरकारी अधिकाऱ्याच्या कामकाजावरच्या टीकेला जास्त मोकळीक हवी, खोटेपणा माहीत असून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता लिहिलं असेल तरच भरपाई मागता येईल, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात सांगून ठेवलं आहे. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं बातमी रोखणारे तात्पुरते मनाई हुकूम सरसकट देऊ नका, असं खालच्या कोर्टांना बजावलं. पत्रकार प्रिया रमाणींनी लैंगिक छळाचा आरोप केला म्हणून माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी त्यांच्यावर भरलेल्या खटल्यात १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या कोर्टानं रमाणींना निर्दोष सोडताना म्हटलं की प्रतिष्ठेचा हक्क बाईच्या जगण्याच्या आणि सन्मानाच्या हक्काचा बळी देऊन राखता येत नाही. तो दिवस मला चांगला आठवतो. आमच्या ऑफिसातल्या सगळ्या बायकांनी तो निकाल मोबाइलवर वाचला.

पण ही सगळी मोकळीक ज्या दक्षतेवर उभी आहे, ती दक्षता माझ्या भावाच्या वाट्याला आली नाही. ठेकेदाराच्या नोटिशीपुढे तुम्ही उभे राहावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच मुख्याध्यापकाच्या फोटोसमोर तुम्ही दोन मिनिटं थांबावं असं वाटतं. खोट्या ठरलेल्या प्रत्येक व्हिडिओनं तुमचे खरे व्हिडिओही स्वस्त होतात, आणि त्याचा फायदा त्याच ठेकेदाराला होतो.

मागणं फार नाही. प्रसिद्ध करण्याआधी ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करा. तो उचलला नाही तर तसं सांगा आणि वेळही सांगा. ‘चौकशी सुरू आहे’ आणि ‘चोरी केली’ यांतलं अंतर मथळ्यातही राहू द्या. लहान मुलांच्या आणि झेंड्याच्या फोटोतून कोणाचा चेहरा कापून घेऊ नका. आणि चूक झाली, तर व्हिडिओ नुसता काढू नका. त्याच वाहिनीवर, त्याच वेळी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत आणि तोच फोटो लावून सांगा की आम्ही सांगितलं ते चुकीचं होतं, खरं हे आहे. तालुक्यातल्या सगळ्या पोर्टलांनी एकत्र बसून हा एक नियम केला, तर निम्म्या नोटिसा कोर्टापर्यंत येणारच नाहीत, असं एकतीस वर्षांच्या अनुभवावरून मी खात्रीनं सांगते.

दिवाणी दाव्याची मुदत येत्या जुलैत संपते. तारीख माझ्या डायरीत लाल शाईनं लिहिलेली आहे. दादाला दोनदा विचारलं. तो म्हणतो, ‘त्या पोराला कोर्टात उभं करून मला काय मिळणार? त्याची पण लहान मुलगी आमच्याच बीटमधल्या शाळेत आहे.’ मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, ‘त्यानं एकदा सांगावं फक्त. जिथे सांगितलं होतं तिथेच.’

तो ३१ मे रोजी निवृत्त होतो आहे. त्याआधी मी त्या तरुणाकडे पुन्हा जाणार आहे. चौकशी अहवालाची प्रत, साठा नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो आणि वस्तीवरच्या शाळेची पोच, एवढं बरोबर असेल. त्याचा व्हिडिओ संध्याकाळी साडेसातला आला होता. दुरुस्तीही साडेसातलाच यावी, एवढंच त्याला सांगायचं आहे.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी